कर्वेनगरची भिंत

श्यामसुंदर मिस्त्रीने छिन्नी खाली ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "या आत. एकदा डोळ्यांनी बघून घ्या."

हिराबाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर थर्मासमधला चहा ओतत होत्या. मिस्त्रीचा आवाज ऐकून त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. आता कुणी चहा पिणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

सगळे आतल्या खोलीत जमले. सोनाली आणि प्रज्ञेशने तीन महिन्यांपूर्वी घेतलेलं हे घर कर्वेनगरच्या चाळीस वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दोघं स्वतः दुसरीकडे भाड्याने राहत. हे दुरुस्त करून कॉलेजच्या मुलींना द्यायचं, भाड्यातून हप्ता फेडायचा, असा बेत होता. पुढच्या रविवारी चार मुली राहायला येणार होत्या. डिपॉझिट घेऊन झालं होतं. परवा रंगाचे पोपडे निघाले म्हणून मिस्त्रीला बोलावलं, आणि त्याने हातभर गिलावा काढला तर आतली वीट काळी निघाली. सळ्यांचे पापुद्रे सुटले होते. आणि वास असा, की सोनालीने ओढणी नाकाला लावली आणि हिराबाईंचा मुलगा आनंद थेट खिडकीपाशी गेला.

"वरच्यांच्या बाथरूमचा पाइप," मिस्त्री म्हणाला. "भिंतीतून आलाय. हे तुळईपर्यंत गेलं असणार. पुढं फोडल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

हिराबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. तात्याराव दारात हात मागे बांधून उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पेन्शनीत निघून सोळा वर्षं झाली तरी साइटवर आल्यासारखे. चेहरा शांत होता. फार शांत होता.

हे घर तात्यारावांनी पास केलं होतं. या कुटुंबात घर घ्यायचं म्हणजे तात्यारावांनी पास करायचं, ही रीत पंचेचाळीस वर्षांची. अकोल्याहून दोघं पुण्यात आली तेव्हा खोली मिळता मिळत नव्हती. घरमालक हसून स्वागत करायचा, पाणी द्यायचा, मग आडनाव विचारायचा, आणि मग खोली कालच गेलेली असायची. अकरा खोल्या अशा कालच गेल्या. बाराव्या दाराबाहेर तात्याराव म्हणाले होते, हिरा, आपण घरं घेऊ. पडकी घेऊ, नीट करू, भाड्याने देऊ, आणि देताना आडनाव सोडून सगळं विचारू. त्यांनी तसंच केलं. सरकारी खात्यात इमारत-दुरुस्तीचं काम करता करता जी नजर तयार झाली, ती त्यांनी सगळ्या गोतावळ्याला वापरायला दिली. आधी पाणी बघा, मग फरशी. वरच्या मजल्यावरचं बाथरूम बघितल्याशिवाय खालचं घर घेऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा वॉचमनशी जास्त बोला. पहिल्या वर्षी भाड्याला हात लावू नका, ते घर स्वतःच खाऊन टाकतं. नवशिक्यांना ते असं सांगत, आणि नवशिके मान डोलावत. पण खरा भरवसा या कशावरच नव्हता. तो होता त्यांच्या नाकावर.

आदल्या रात्री घराच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायला सांगायचे. सकाळी सहाला, चहाही न घेता यायचे. दार उघडून एकटे आत जायचे. बाकीच्यांनी जिन्यात थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही, माणसं आली की वास मोडतो. प्रत्येक खोलीत डोळे मिटून उभे राहायचे आणि बाहेर येऊन एक शब्द बोलायचे. घ्या. किंवा, सोडा. पंचेचाळीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला होता. ताप उतरला. मग एका सकाळी हिराबाई बुद्धवंदना आटोपून स्वयंपाकघरात आल्या, तर दूध करपून पातेलं काळं झालेलं, खोलीत धूर, आणि हातभर अंतरावर तात्याराव पेपर वाचत बसलेले. डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली आहे, या वयात परत येईल असं समजू नका. घरी येताना रिक्षात तात्याराव एवढंच म्हणाले, कुणाला बोलू नकोस. आणि त्या नाही बोलल्या.

"एक विचारू का?" खिडकीपाशी उभा राहूनच आनंद म्हणाला. तो तात्यारावांचा एकुलता एक, हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर. "प्रज्ञेश, या भिंतीमागच्या बाथरूमच्या टाइल्स तू बसवल्यास ना?"

"दोन भिंतींच्या. हो."

"व्हिडिओ बघून?"

प्रज्ञेशने मान डोलावली.

"नाही, छान आहे. माणसाने स्वावलंबी असावं. फक्त ड्रिल कुठे चालवतोय तेवढं बघावं."

सोनालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अजून आरोप नव्हता, पण त्याला जागा झाली होती. प्रज्ञेशला ती दिसली. सोनाली तात्यारावांची पुतणी, लहानपणी वडील गेल्यावर तात्यारावांकडेच वाढली. या घरात भांडण झालं की रक्ताची माणसं एका बाजूला होतात आणि जावई दुसऱ्या बाजूला उरतो, हे तो लग्नातल्या मानपानाच्या वेळीच शिकला होता.

"मिस्त्री म्हणतात पाइप वरच्यांचा आहे," तो शांतपणे म्हणाला.

"मिस्त्री असंही म्हणतात की फोडल्याशिवाय सांगत नाही."

"मी म्हणतो ते मीच सांगेन की," मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाला. "हे महिन्यातलं काम नाही. घर घेताना या एकाच खोलीला नवा रंग होता का? बाकीच्या जुन्या?"

होता, सोनाली म्हणाली.

"मग? एकाच खोलीला रंग असला की त्या खोलीत जास्त वेळ बसायचं असतं. कुणी बसलं नाही?"

ते वाक्य मूळचं तात्यारावांचं होतं. मिस्त्री पंचवीस वर्षं त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"मोठेबाबा," सोनाली म्हणाली, "तुम्हीच सांगा. जुनी आहे का नवी? तुम्ही वासावरून वर्ष सांगता."

तात्याराव पुढे झाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, एक हात भिंतीला टेकला आणि त्या भगदाडात तोंड घातलं. डोळे मिटले. दोन लांब श्वास घेतले.

प्रज्ञेश अगदी शेजारी उभा होता, त्यामुळे त्याला जे दिसलं ते इतरांना दिसलं नाही. सैल झालेल्या विटेच्या मागे, तात्यारावांच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर, मेलेला उंदीर पडला होता. फुगलेला, ओला. प्रज्ञेशने श्वास रोखला. त्याने मान वळवली, पुन्हा पाहिलं. मोठेबाबांच्या कपाळावर आठी नव्हती. नाकपुडी हलली नव्हती. ते तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास घ्यावा तसे निवांत श्वास घेत होते.

"नवी आहे," बाहेर येऊन ते म्हणाले. "महिना-दीड महिना. मी आलो तेव्हा भिंत कोरडी होती."

"साहेब, सळई महिन्यात अशी..."

"सळई बांधतानाच गंजकी घातली असेल. तेव्हा सर्रास घालायचे."

मिस्त्री साहेबांसमोर पुढे बोलला नाही. त्याने थापीने तो उंदीर काढून पिशवीत टाकला. आनंदने तोंडावर रुमाल दाबला.

प्रज्ञेश मात्र त्या पांढऱ्या शर्टाकडे बघत राहिला. नऊ वर्षांपूर्वी तो लातूरहून शिकायला आला होता. तीन घरमालकांनी दारातून परत पाठवल्यावर चौथ्या दाराशी याच शर्टातला माणूस उभा होता. त्यांनी विचारलं होतं, सकाळी किती वाजता उठतोस? पाणी साडेसहालाच जातं. बस, एवढंच. किल्ली हातात दिली होती. सोनाली त्याला नंतर भेटली. आधी ती किल्ली मिळाली होती.

"आनंददादा बरोबर आहे," तो म्हणाला. "गिझरसाठी ड्रिल मारलं तेव्हा पाइपला लागलं असेल. माझं चुकलं."

"असेल?" सोनाली म्हणाली.

"लागलं. मला तेव्हाच थोडा आवाज आला होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या पाटल्या मोडून तिने या घराची पहिली रक्कम भरली होती, हे तिला त्याला सांगायची गरज नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तात्याराव खिशातला चष्मा काढून पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

हिराबाईंना जावयाचा चेहरा दिसत होता. तो खोटं बोलत होता आणि त्याला सगळं कळलेलं होतं. हे त्यांना त्याच्या नजरेवरून नाही, नजर खाली घालण्यावरून समजलं. त्यांनी वाट पाहिली. नवऱ्याने बोलावं म्हणून. ज्या माणसाने ठेकेदाराचा एक पेढा कधी घरात येऊ दिला नाही, तो आता तरी बोलेल म्हणून. तात्याराव बोलले नाहीत.

आनंदने घड्याळ पाहिलं. "मी निघतो. दोन वाजता बिबवेवाडीला पोचायचंय, ते लोक टोकनसाठी थांबलेत. इथलं संध्याकाळी बोलू."

त्यालाही घर घ्यायचं होतं. जुनं, तळमजल्याचं, दुरुस्त करून दवाखान्याला भाड्याने देण्यासारखं. बुधवारी सकाळी सहा वाजता तात्यारावांनी ते पास केलं होतं. घ्या, म्हणाले होते.

रोज पहाटे हिराबाई त्रिशरण-पंचशील म्हणत. चौथ्या शीलाशी, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, इथे गेली दोन वर्षं त्यांची जीभ जड होई. मी खोटं कुठे बोलते, त्या स्वतःला समजावत. मी फक्त बोलत नाही. कर्वेनगरचं घर पास झालं तेव्हाही त्यांनी असंच समजावलं होतं. बुधवारीही.

"आनंद, जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"आई, माणसं थांबलीत."

"थांबू देत. तुझ्या बाबांना वास येत नाही. दोन वर्षं झाली. तापानंतर गेला तो आलाच नाही."

"हिरा," तात्याराव म्हणाले. फक्त तेवढंच.

"नाही हो. मला आता नाही जमत. तो पोरगा उगाच स्वतःवर घेतोय." त्यांचा आवाज वंदनेच्या वेळी असतो तितकाच होता. "प्रज्ञेश, तू ड्रिल मारलंस तेव्हा काही आवाज आला नव्हता ना रे?"

प्रज्ञेशने मान हलवली. नाही.

आनंद खिडकीपासून पुढे आला. वडिलांकडे न बघता तो आईसमोर उभा राहिला, कारण वडिलांकडे बघणं त्याला शक्य नव्हतं. "दोन वर्षं? आणि तू आम्हाला जिन्यात उभं केलंस? सकाळी सहाला? रोज पहाटे बसून म्हणतेस ना गं, मुसावादा?"

"म्हणते," हिराबाई म्हणाल्या. "रोज अडखळते."

मिस्त्री कामाची पिशवी उचलून, पाणी पिऊन येतो म्हणत बाहेर गेला. जाताना त्याने दार हळू ओढून घेतलं.

तात्याराव रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे दिसत होते.

"मला वास येत नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तू दुसरा माणूस बघितला असतास, आनंद. बरोबर होतं तेही. पण मग मला फोन कशाला केला असतास? रविवार-रविवार फोन वाजायचा नाही. घर बघायचं असलं की वाजायचा. मला वाटलं, नजर आहे, कान आहे. भागेल. बाकीच्या भिंतींवर भागलंही."

"इथे भिंत ठोकून बघितली नाहीत तुम्ही," सोनाली म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"नाही. ठोकली असती तर जिन्यात आवाज गेला असता. मी कधी ठोकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

सोनालीला वाटलं, आपण आता जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा. शाळेच्या पहिल्या दिवशी हाच माणूस तिला घेऊन गेला होता, लग्नात यांनीच तिला निरोप दिला होता. पण पाय उचलला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तुला कधी कळलं, तिने विचारलं. आत्ताच, तो म्हणाला. आणि तरी स्वतःवर घेतलंस, असं ती म्हणाली नाही, पण त्याच्या जवळ सरकून उभी राहिली. आता खोलीत दोन बाजू उरल्या नव्हत्या. प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा होता.

सगळ्यात आधी आनंदनेच व्यवहाराचं काढलं. तो आता मवाळ झाला होता, आणि मवाळ झाला की तो उपाय सुचवतो. त्याचं म्हणणं असं की हे बुजवून टाकावं. वर चांगला गिलावा, पाणी न धरणारा रंग, आणि पावसाळ्याआधी विकून मोकळं व्हावं. एजंट त्याच्या ओळखीचा होता. सोनालीचं नुकसान व्हायचं कारण नाही. प्रज्ञेशनेही क्षणभर विचार केला. त्याने सोनालीकडे पाहिलं, तिनेही नाही म्हटलं नाही.

"जसं आपल्याला विकलं, तसं?" तात्याराव म्हणाले.

"बाबा, आता तुम्ही..."

"हो, मी. मला बोलायचा हक्क नाही, ते मला समजतंय. तरी ऐका." ते उठले नाहीत. "त्या चार मुलींना आजच फोन करा. उद्या नको. त्यांना दुसरी खोली शोधायला दिवस लागतील, आणि खोली शोधणं काय असतं ते या घरात मी सांगायला नको. डिपॉझिट आजच परत. वरच्या मालकाला सोसायटीतर्फे पत्र द्या, तोंडी बोलू नका. आणि बाहेरचा इंजिनियर आणा, लेखी अहवाल घ्या. बिबवेवाडीचं घरही त्यालाच दाखव, आनंद. मी तिथे भिंतींना हात लावून आलोय फक्त."

आनंदने बाहेर जाऊन फोन लावला. तो बिबवेवाडीच्या माणसांना काय कारण सांगत होता, ते आत ऐकू येत नव्हतं. वडिलांची तब्येत, असं काहीतरी असावं. हिराबाईंनी थंड झालेला चहा कपांतून थर्मासमध्ये परत ओतायला घेतला, मग तो काही उपयोगाचा नाही हे लक्षात येऊन मोरीत ओतला. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं. उद्या पहाटे जीभ अडखळणार नाही, पण शेजारी पेपर घेऊन बसणारा नवरा उद्या कुठल्या तोंडाने बसेल, याचाच विचार मनात होता.

आत सोनाली निघायला म्हणून पर्स उचलत होती.

"सोनाली," तात्याराव म्हणाले. "इकडे ये जरा. तिथे, भिंतीपाशी. उंदीर काढला ना त्याने? मग आता सांग. कसा आहे?"

"काय?"

"वास."

"घाण आहे."

"घाण सगळीच असते. कशासारखी?"

तिला नको होतं. तरी ती गेली. लहानपणी त्यांनी शिकवलेलं, डोळे मिटल्याशिवाय नाक उघडत नाही, म्हणून तिने डोळे मिटले. दोन लांब श्वास घेतले.

"भिजून वाळलेलं गोणपाट असतं ना, तसा," ती हळूच म्हणाली. "आणि त्याच्या मागे... खिडकीचे गज धरून उभं राहिलं की हाताला येतो, तसा."

"ताज्या मातीचा? पहिल्यांदा पाणी घातलेल्या कुंडीचा?"

"नाही. तो मुळीच नाही."

"नीट बघ."

"नाही, मोठेबाबा."

त्यांनी मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं. कुणा दुसऱ्याच्या घराबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज होता, नेमका आणि सावकाश. "नवी ओल कुंडीसारखी येते. गोणपाट आणि लोखंड म्हणजे पाच वर्षं झाली. सहाही असतील." त्यांनी मोजणारी बोटं मिटली. "म्हणजे मी इथे उभा होतो तेव्हा होता."

"हो."

"खिडक्या रात्रभर बंद होत्या. पुष्कळ असेल."

सोनालीने डोळे उघडले. तिला खोटं बोलता आलं असतं. दारात मोठीआई रिकामा थर्मास घेऊन उभी होती.

"मला जिन्यात आला होता," ती म्हणाली. "तुम्ही दार उघडलंत तेव्हाच. मला वाटलं, तुम्ही आत आहात ना."